वहिनीच्या कार्डावर कोण खेळतं?

एझुल्विनी
रविवार, दुपार

प्रिय खेत्सिवे,

तू फोनवर चार ओळींचा निरोप पाठवलास आणि मी उत्तराला कागदांची चळत घेऊन बसलेय, याचं तुला हसू येईल. फोन का नाही केला, ते शेवटी सांगते. आधी शेवट उलटून बघू नकोस, तुझी ती सवय मला लहानपणापासून माहीत आहे. पत्र घरी न पाठवता तुझ्या दुकानावर पाठवतेय. कोंबी गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो तुझ्या हातातच देईल. नवऱ्याला, मुसाला दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर तू ठरव. आपल्यात आत्या म्हणजे बाईच्या रूपातला बापच, तेव्हा बापाच्या हक्काने लिहितेय. राग आला तरी पूर्ण वाच.

तू विचारलंस, बाबा दर बुधवारी कॅसिनोत जातात हे खरं का. खरं आहे. शेजारणीने तिखटमीठ लावून सांगितलं असेल, पण मुळात खरं आहे. इस्त्रीचा शर्ट, तुझ्या लग्नातला काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि म्हाताऱ्यांच्या फुकट बसमध्ये पहिला बाक. दुसरं तू विचारलंस ते आईच्या गायीबद्दल. ती आसवं पुसणारी गाय गोठ्यात आहे का? आहे. तुझ्या लग्नात मुसाच्या माणसांनी एवढी गुरं हाकत आणली, ती सगळी बापाची. ही एकटी आईची, लेक गेली म्हणून रडणाऱ्या आईचे डोळे पुसायला दिलेली. तुझे बाबा तिला अजून पहिलं पाणी पाजतात. तू लिहिलंस, ‘गाय विकायची झाली तर आधी मला कळवा.’ हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तुला गायीची काळजी आहे, की गायीच्या किमतीची?

मी संशयी आहे हे सगळं गाव जाणतं. पाव विकत घेतला तरी उलटा करून बघते. तुझी आई म्हणायची, ‘थोबिलेला स्वर्गाचं दार उघडून दिलं तरी ती आधी बिजागऱ्या तपासेल.’ पण हा स्वभाव काही मी जन्माला येताना आणला नाही, तो कॅसिनोच्या छताखालच्या त्या खोलीत पगाराबरोबर मिळाला. खाली दिवे, गालिचे, गाणी. वर आम्ही अंधारात कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर. पत्ते वाटणाऱ्या पोरांचे खिसे शिवून टाकलेले असतात. टेबल सोडताना त्यांनी तळवे एकमेकांवर झाडून वर दाखवायचे, म्हणजे हाताला काही चिकटलेलं नाही हे आम्हाला कळतं. ही सवय इतकी भिनते की परवा चर्चमध्ये आमच्या एका पोराने दानपेटीत नोट टाकली आणि तळवे झाडून छताकडे दाखवले. पाद्री बघतच राहिले. मी मागच्या बाकावर हसू दाबत होते, आणि कॅमेरा कुठे आहे म्हणून मीही वर बघितलंच होतं.

खेळायला येणाऱ्यांवर आम्ही संशय घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॅसिनोवर कोणी घेत नाही. मी घेते. त्या हॉलला खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. संडास सगळ्यात आत, म्हणजे जाता-येता यंत्रांच्या रांगांतूनच जायला हवं. बस फुकट आणते, पण परत न्यायला उन्हं कलेपर्यंत येत नाही. चहा फुकट, बुधवारी म्हाताऱ्यांना लापशी आणि कोंबडीचा रस्सा फुकट, वाढदिवसाला दोघांच्या जेवणाची चिठ्ठी, वर थोडे खेळायचे पैसेसुद्धा. फक्त ते खेळल्याशिवाय खिशात घालता येत नाहीत. नाणी कधीच बंद झाली, तरी यंत्रातून नाणी सांडल्याचा आवाज येतो, तो नुसता वाजवलेला. तीन चित्रांतली दोन जुळतात आणि तिसरं किंचित वर अडकतं. माणूस मांडीवर हात मारून म्हणतो, ‘जरासं हुकलं!’ जरासं काही नसतं गं. हुकलं ते हुकलं. पण त्या ‘जरासं’च्या चवीवर माणूस पुन्हा पैसे घालतो. यंत्र किती गिळणार आणि किती परत देणार, ते आधीच ठरवलेलं असतं. जिंकणाऱ्यासाठी घंटा वाजते, सगळा हॉल मान वळवतो. हरणाऱ्यासाठी घंटा ठेवलेली नाही, नाहीतर कानठळ्या बसल्या असत्या.

हे सगळं माझं तुझ्या आईला सांगून झालं होतं. ती शांतपणे तपकीर ओढत म्हणाली, ‘मला कळतं गं सगळं. पण तिथे मला खुर्ची ओढून देतात.’ जन्मभर ती चटईवर बसली. सासऱ्यांसमोरून गुडघ्यांवर गेली, दिराला पाणी दिलं तेही खाली बसून. आणि तिथे बंडी घातलेला पोरगा ‘या लोमालांगा आई’ म्हणत खुर्ची मागे ओढायचा. थंड हवेत पाय सोडून बसायचं, घरून ठरवून आणलेले पैसे संपले की यंत्राकडे पाठ फिरवून बायकांशी गप्पा छाटायच्या. अशी गिऱ्हाइकं कॅसिनोला परवडत नाहीत, पण हॉल भरलेला दिसतो म्हणून चालवून घेतात. तिचं ते कार्ड तूच काढून दिलं होतंस, आठवतं? यंत्रात घातलं की पडद्यावर तिचं नाव झळकायचं. त्याचा गुप्त आकडाही तूच निवडलास, तुझ्या वाढदिवसाचा, म्हणजे आई विसरायला नको. त्याच वर्षी तुझं ते प्रकरण झालं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तू स्वतः जाऊन सही केलीस, माझ्या नावाने मला कुठल्याच कॅसिनोत खेळू देऊ नका म्हणालीस, मुसाने सगळ्यांदेखत तुझं कौतुक केलं. विषय संपला, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

मग तुझी आई, माझी वहिनी, गेली. तिच्या आत्म्याला दवाखान्यातून घरी आणायला तुझे बाबा एकटे गेले होते. काटेरी फांदी हातात धरून तिच्या रिकाम्या खाटेपाशी उभे राहिले, म्हणाले, ‘चल लोमालांगा, घरी जाऊ.’ कोंबीत दोन जागांचे पैसे दिले, फांदी शेजारच्या जागेवर ठेवली, आणि वाटभर दुसऱ्या कोणाशी अक्षर न बोलता तिलाच सांगत आले, आता नदी आली, आता चढ लागला. तू फाटकात उभी होतीस. फांदी घरात नेऊन ठेवली, आणि वहिनी घरी आली असं आम्ही समजलो. पण दोन-तीन महिन्यांतच त्यांचे बुधवार सुरू झाले.

माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती बाईची. खोटं कशाला बोलू? विधवेला आपण वर्षानुवर्षं काळ्या कपड्यांत बसवतो आणि विधुराला दुसऱ्याच महिन्यात नवऱ्या सुचवतो. त्यात त्या हॉलमध्ये फेत्सिले आहे. म्हाताऱ्यांची सरबराई करणं हे तिचं काम. ओठांना लाली, प्रत्येकाचं नाव तोंडपाठ, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची नात नापास झाली, सगळं ठाऊक. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच राग, त्यात ती तुझ्या बाबांना दारापर्यंत सोडायला यायची. नात्यातलं माणूस पडद्यावर दिसलं तर वर सांगायचं असतं, म्हणून मी शोंग्वे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हातारा काय यंत्र उचलून नेणार आहे? बघत बस तू.’ मग मी बघत बसले.

जे दिसलं त्याने माझा संशय कमी झाला नाही, वाढला. ते खेळतच नव्हते. वहिनीच्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर बसायचे, जागा अडवल्याचा ठपका नको म्हणून मधूनच एखादा छोटा डाव खेळायचे. तिच्या खुर्चीवर मात्र कोणाला बसू देत नव्हते. एक जाडजूड बाई बसायला आली तर टोपी काढून तिला काहीतरी सांगितलं, ती घाबरून निघून गेली. खुर्चीसमोर त्यांनी वहिनीची तपकिरीची डबी ठेवली. चहा दोन कप मागवला, एक प्यायले, दुसरा निवून गेला. बसची वेळ झाली तेव्हा उठले, रिकाम्या खुर्चीकडे बघून थांबले, आणि बाहेर पडताना दार हाताने धरून ठेवलं, मागून कोणीतरी येतंय अशा बेताने. मग खांदे पाडून गेले.

पुढच्या रविवारी मी सरळ घरी जाऊन धडकले. ते गोठ्यापाशी बसले होते. ‘दादा, कोण आहे ती?’ मी विचारलं. ‘कोण म्हणजे? तुझी वहिनी.’ ‘वहिनीला टेकडीवर पुरलंय.’ ‘ते मला सांगतेस? खड्डा मी आखून दिला होता. पण ती तिथे नाही, थोबिले. ती वाटेतच उतरली. दवाखान्यातून येताना कोंबी तुमच्या त्या कॅसिनोसमोर थांबली, एक बाई पिशव्या घेऊन उतरली, दार उघडं राहिलं. मी जरा तिच्या कोंबड्यांकडे बघत बसलो. तेवढ्यात गेली असणार.’ मग हळूच म्हणाले, ‘तिथे तिला खुर्ची मिळते ना.’ मी म्हटलं, दादा, तुला ऊन लागलंय. ते चिडले. ‘ऊन लागलं असेल तुला! वर बसून दुनियेवर डोळे ठेवतेस आणि घरची बाई दिसत नाही!’ आत जाऊन वहिनीचा जुना फोन घेऊन आले. तो ते अजून जपतात, सौर दिव्याला जोडून भरून ठेवतात. ‘वाच,’ म्हणाले. मी वाचलं. ‘लोमालांगा, आज तुम्ही पुन्हा आलात, आनंद झाला. तुमच्या कार्डावर नवे गुण जमा झाले आहेत.’ त्याखाली तसाच आणखी एक, त्याखाली आणखी. बोट दुखेपर्यंत मी वर सरकवत होते. सगळे ती गेल्यानंतरचे.

मला त्यांचं हसू आलं नाही. मला राग आला, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर कोणीतरी हात मारत होतं. पहिला संशय अर्थात फेत्सिलेवर. कार्ड कुठे आहे विचारलं, तर ते तुझ्या बाबांच्याच कोटाच्या खिशात. म्हणजे कोणी नक्कल काढली? त्या आठवड्यात हॉलची वीज गेली, दुरुस्तीसाठी सगळ्यांना घरी पाठवून दाराला कुलूप लावलं. आत उंदीरही नव्हता, कॅमेरे जनरेटरवर चालू होते आणि पडद्यांवर मी स्वतः बघत होते. संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले तर तुझे बाबा फाटकात वाट बघत उभे. ‘आज पण आली होती,’ म्हणाले. फोन दुपारी वाजला होता. बंद हॉलमध्ये कोण खेळलं? मी दुसऱ्या दिवशी फेत्सिलेला कोपऱ्यात गाठलं आणि चांगली फैलावर घेतली. ती रडवेली झाली. ‘मावशी, आता हॉलमध्ये यावंच लागतं असं नाही. कार्डाचा नंबर आणि गुप्त आकडा माहीत असला की घरबसल्या फोनवर खेळता येतं. कार्ड बंद करायचं तर मृत्यूचा दाखला घेऊन नवऱ्याला यावं लागतं. आजोबा आले होते, पण ते म्हणाले, बंद करायचं नाही, ती कुठल्या खुर्चीवर बसते तेवढं दाखव. तेव्हापासून बुधवारी मी त्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही.’ पोरगी मनाने चांगली आहे. किंवा बुधवारचं गिऱ्हाईक टिकावं म्हणून करत असेल. दोन्ही खरं असेल.

नंबर आणि गुप्त आकडा. त्या रात्री मला झोप लागली नाही, खेत्सी. ईस्टरला तू घरी आली होतीस. मी बोकडाचं मटण शिजवत होते, तू ‘सिग्नल बघते’ म्हणून मारुलाच्या झाडाखाली गेलीस आणि मक्याची लापशी गार झाली तरी आली नाहीस. आत फळीवर वहिनीचा फोन वाजला. तुझे बाबा उठून टोपी काढून उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी भास झाला. तू आत आलीस तेव्हा तुझे हात थंड होते आणि तू म्हणालीस, ‘आत्या, आईची गाय आता म्हातारी होत चालली, नाही?’ तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लोकांचे हात बघायचा पगार घेणारी मी, घरच्या पोरीचे हात बघायचे विसरले.

तुझं नाव तू बंद करून घेतलंस, म्हणून तू खेळायला आईचं नाव घेतलंस. ती जिवंत असताना घेतलं असतंस तर तिने तुला झाडू घेऊन अंगणभर पळवलं असतं, आणि मग जवळ घेऊन रडली असती. तो फोन तिच्याबरोबर मातीत गेला असं तुला वाटलं असेल. नाही गेला. तू ज्या ज्या वेळी खेळलीस, त्या प्रत्येक वेळी तो तुझ्या बापाच्या घरात वाजला. आणि फोन करून हे का नाही बोलले, ते आता सांगते. मी फोनवर बोलत असते तेव्हा तुझा अंगठा थांबत नाही. तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस आणि मध्येच श्वास धरतेस. तो श्वास मी ओळखते, तिसरं चित्र थांबायच्या आधी सगळा हॉल तसाच श्वास धरतो. कागद तरी मध्येच वाजत नाही.

कार्ड बंद करणं अवघड नाही. दाखला माझ्या पेटीत आहे, दादाला गोड बोलून कॅसिनोच्या काउंटरपर्यंत नेईन. फोन वाजायचा थांबेल, दादा म्हणतील, आली बाई घरी. पण मग तू दुसरं नाव शोधशील. घरात अजून नावं आहेत, माझंही आहे. म्हणून मी अजून काही केलेलं नाही आणि दादाला एक अक्षर सांगितलेलं नाही. मात्र आता थांबायला वेळ उरलेला नाही. दादांनी भाऊबंदांना बोलावून ठरवलंय. येत्या बुधवारी ते नवी काटेरी फांदी घेऊन कॅसिनोत जाणार, वहिनीच्या खुर्चीपाशी उभं राहून तिला ‘चल’ म्हणणार, आणि घेऊन येणार. दारावरच्या शिपायाला मी सांगून ठेवलंय, फांदी अडवू नको म्हणून. या वेळी वाटेत डोळा लवू देणार नाही, म्हणतात. आणि शनिवारी तिच्यासाठी गाय कापणार. शेळीवर भागणार नाही, तिचीच गाय हवी, तिचे डोळे पुसायला आणलेली. गाय गेली तर मला दुःख नाही, गुरं त्यासाठीच असतात. पण गाय कापल्यावर चार दिवसांनी तो फोन पुन्हा वाजला, तर तुझा बाप काय समजेल, याचा विचार कर. फांदी नेली, विनवलं, तिच्या मालकीचं सगळ्यात मोठं जनावर दिलं, तरी बायको म्हणाली, मला तुझ्या घरी यायचं नाही. त्यातून तो उठणार नाही, खेत्सिवे. मी माझ्या भावाला ओळखते.

म्हणून लिहिलं. बुधवारी ये. मुसाला सांगून आलीस तर उत्तम, न सांगता आलीस तरी ये. मी तुला शिव्या देणार नाही, दिल्याच तर नंतर, जेवण झाल्यावर. कॅसिनोत पाऊल टाकू नकोस, बाहेर जांभळ्या फुलांच्या झाडाखाली कोंबी थांबते तिथे उभी राहा. दादा फांदी घेऊन बाहेर येतील. त्यांनी मागच्या वेळेसारखेच दोन जागांचे पैसे भरलेत, एक त्यांची आणि एक तुझ्या आईची. फांदी मांडीवर घे आणि त्या दुसऱ्या जागेवर तू बस. वाटेत नदी लागेल, मग चढ लागेल. घर यायच्या आत बापाला सगळं सांग. ते चिडतील, कदाचित गाडी थांबवा म्हणतील, पण तू उतरू नकोस. हे पत्र लिहिता लिहिता मी त्यांच्याकडेच बसलेय. आत्ता फळीवरचा फोन वाजला, आणि दादा टोपी काढून उभे आहेत.

तुझीच,
थोबिले आत्या